‘नवीन काही नाही’ हे कोणाचं वाक्य?

सीमेवर तणाव वाढला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, युद्धविरोधी कादंबऱ्या जवानांचं मनोधैर्य खचवतात, ज्यांना त्या वाचायच्या त्यांनी शांततेच्या काळात वाचाव्यात. दुसरी बाजू त्याच कादंबऱ्यांमधलं एखादं हळवं वाक्य उचलते आणि ‘म्हणून युद्ध नको’ एवढं म्हणून मोकळी होते. या ओढाताणीत सर्वांत जास्त वेळा नाव येतं ते एरिख मारिया रेमार्कच्या, पहिल्या महायुद्धावरच्या १९२९ सालच्या जर्मन कादंबरीचं, इंग्रजीतून आपल्याला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ म्हणून माहीत असलेल्या पुस्तकाचं. या वादाबद्दल माझी तक्रार साधी आहे. कादंबरी उघडलीही नसली तरी दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं जसंच्या तसं मांडता येतं. ज्या पुस्तकावरून भांडायचं त्याची भांडणाला गरजच पडत नसेल, तर ते भांडण पुस्तकाबद्दलचं नव्हेच.

माझं मत आधीच सांगतो. ही कादंबरी लढणाऱ्याच्या विरोधात नाही. युद्ध कधी करावं, कधी करू नये याचा निवाडाही ती देत नाही. तिचा रोख आहे तो घरी बसून युद्धाबद्दल आत्मविश्वासाने बोलणाऱ्यांवर, आणि त्यात युद्धखोर जसे येतात तसे हळवे शांततावादीही येतात. शिवाय ती आपलं म्हणणं भाषणातून सांगत नाही, वस्तूंमधून सांगते: बूट, फावडं, पाव, घेवडा, शौचाचं खोकं. या वस्तूंचा हिशेब न ठेवता कादंबरी वाचली तर हाती घोषणा तेवढी उरते.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. मूळ जर्मन नाव आहे ‘इम वेस्टेन निश्ट्स नॉइएस’, म्हणजे ‘पश्चिमेकडे नवीन काही नाही’. हे लष्करी पत्रकातलं वाक्य आहे. ज्या दिवशी आघाडीची रेघ नकाशावर हलली नाही, त्या दिवशी मुख्यालयाने जनतेला द्यायची बातमी. स्वतः पश्चिम आघाडीवर लढलेल्या आर्थर व्हीनने १९२९ मध्ये इंग्रजी भाषांतर करताना तिथे ‘शांत’ असा शब्द घातला. इंग्रजी नाव गाजलं, म्हणीसारखं वापरलंही गेलं, पण त्यात एक गोष्ट हरवली. ‘शांत’ हे दृश्याचं वर्णन आहे, तर ‘नवीन काही नाही’ हे कोणीतरी कोणालातरी सांगितलेलं वाक्य आहे. ते कोण म्हणतं? कोणाला म्हणतं? आणि ते लिहिलं गेलं त्या दिवशी आघाडीवर काय चाललं होतं? सबंध कादंबरी या तीन प्रश्नांवर उभी आहे. शेवटच्या पानावर गोष्ट सांगणारा तरुण जर्मन शिपाई पाउल बॉयमर ऑक्टोबर १९१८ मधल्या एका दिवशी मरतो. दिवस इतका निवांत की लष्करी अहवालात एवढं एकच वाक्य होतं. तोवर ‘मी’ म्हणून बोलणारा माणूस त्या दोन लहान परिच्छेदांत ‘तो’ होतो. अहवालाला ‘मी’ ठाऊक नसतो.

आता पहिल्या पानाकडे या. कंपनी आघाडीवर गेली तेव्हा दीडशे माणसं होती. परतीच्या दिवशी इंग्रजांच्या लांब पल्ल्याच्या तोफांनी गाठलं आणि ऐंशीच परत आली. स्वयंपाक्याने मात्र दीडशेंचा घेवडा आणि मांस शिजवून ठेवलेलं. तो नियमावर बोट ठेवून उरलेलं वाढायला नकार देतो, शिपाई चिडतात, शेवटी कंपनी कमांडर येऊन वाढायला लावतो. सगळ्यांना दुप्पट शिधा मिळतो. तंबाखूचा हिशेबही दिला आहे: माणशी दहा सिगार, वीस सिगारेटी, चघळायच्या तंबाखूच्या दोन वड्या. पाउल आपल्या वड्या काट या जुन्या सोबत्याच्या सिगारेटींवर बदलून घेतो आणि त्याच्याकडे चाळीस सिगारेटी होतात. सगळे खूश आहेत. सत्तर माणसांचं नसणं वाचकापर्यंत येतं ते भरलेल्या पोटाच्या रूपात, आणि लेखक त्यावर हळहळीचा एक शब्दही खर्च करत नाही. यात कोणाला मनोधैर्याचं खच्चीकरण दिसतं? आणि ‘युद्ध नको’ची घोषणा तरी कुठे दिसते? इथे दिसतं ते एवढंच की माणूस काही महिन्यांत कशाकशाला सरावतो.

या जेवणानंतर येतं ते शौचाचं दृश्य. मोकळ्या कुरणावर सुटी लाकडी खोकी गोल मांडून, त्यांवर बसून, मित्र दोन तास पत्ते खेळतात. अमेरिकेत पुस्तक निघालं तेव्हा हा भाग आणि इस्पितळातला एका जखमी शिपायाचा बायकोशी होणारा भेटीचा प्रसंग गाळला होता, आणि कित्येक दशकं तिथले वाचक तीच काटलेली आवृत्ती वाचत राहिले. पोटातून बाहेर आलेली आतडी राहिली, गळा फाडणारी फावडी राहिली. गेलं काय, तर शरीराचे रोजचे विधी. म्हणजे मरण छापायला हरकत नव्हती, पण शिपायाला तुमच्याआमच्यासारखंच शरीर असतं हे छापणं अवघड वाटलं. वीर म्हणून गौरवायचा असो की बळी म्हणून कीव करायची असो, दोन्हींसाठी हे शरीर गैरसोयीचंच.

बुटांचं तर वेगळं टिपण ठेवावं, इतकी ती साखळी पक्की आहे. मऊ पिवळ्या चामड्याचे, गुडघ्यापर्यंत येणारे, एका इंग्रज वैमानिकाचे बूट. ते पाउलचा वर्गमित्र केमरिख याच्याकडे आहेत. त्याचा पाय कापला गेलाय आणि त्याला अजून ते सांगितलेलं नाही. म्युलर हा दुसरा वर्गमित्र त्याच्या खाटेशी बसून बूट मागतो. वाचक इथे दुखावतो, आणि दुखावावं अशीच मांडणी आहे. पण पाउल लगेच सांगतो: केमरिखला बुटांचा उपयोग असता तर म्युलरने काटेरी तारांवरून अनवाणी धावणं पत्करलं असतं. केमरिख गेला तर वॉर्डातला कोणीतरी कर्मचारी ते लांबवणार, मग म्युलरचा हक्क त्याच्यापेक्षा मोठा नाही का? आघाडीवर चांगले बूट दुर्मीळ आहेत, आणि तिथे खरं महत्त्व खऱ्या गोष्टींनाच आहे. हे क्रौर्य नव्हे, जगण्याची रीत आहे. म्युलरच्या पोटात अगदी जवळून प्रकाशगोळी घुसते, अर्धा तास तो शुद्धीवर असतो. मरताना तो बूट पाउलला देऊन जातो.

विरोधकांच्या मुद्द्यांना हात न घालता पुढे जाणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल, आणि त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा लेखकाच्या अधिकाराचा. रेमार्क १८९८ मध्ये ओस्नाब्र्युक इथे जन्मला, नोव्हेंबर १९१६ मध्ये लष्करात घेतला गेला, जून १९१७ मध्ये फ्लँडर्समध्ये पोचला, आणि ३१ जुलै १९१७ रोजी तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी झाला. आघाडीजवळ तो दोन महिनेसुद्धा नव्हता, आणि तिथेही त्याचं काम मुख्यतः खणण्या-बांधण्याच्या तुकडीत. पुढचा बराचसा काळ ड्यूसबुर्गच्या इस्पितळात गेला. शिवाय प्रकाशकांच्या जाहिरातींनी त्याला ‘मनावरचं ओझं उतरवायला लेखणी हातात घेतलेला साधा शिपाई’ म्हणून उभं केलं, वास्तविक त्याची एक कादंबरी १९२० मध्येच छापून आली होती. हे सगळं मान्य करायलाच हवं. ‘हे अनुभवलेलं सत्य आहे’ असं म्हणत या पुस्तकाची वकिली करणारे स्वतःच्याच पायाखालची जमीन काढून घेतात.

पण कादंबरीचा अधिकार सेवापुस्तिकेतून येतो का? जर्मन लेखक एर्न्स्ट युंगर जवळपास सबंध युद्ध आघाडीवर राहिला, चौदा वेळा जखमी झाला, प्रशियाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं, आणि त्याच खंदकांमधून लढाईच्या नशेचं वर्णन करणारं पुस्तक घेऊन बाहेर पडला. अनुभवातूनच अर्थ निघत असता तर दोघांनी एकच पुस्तक लिहिलं असतं. रेमार्कच्या बाबतीत तपासायचं ते तपशील. महिनोन्‌महिने जखमींच्या शेजारच्या खाटेवर पडून ऐकलेल्या गोष्टी खोट्या ठरत नाहीत, त्या फक्त अनेकांच्या असतात.

तपशिलांची एक कसोटी घेऊ. सहाव्या प्रकरणात विषारी वायूने मेलेले नवे भरती झालेले पोरगे आहेत: निळी पडलेली डोकी, काळे ओठ. त्यांतल्या काहींनी खड्ड्यात असताना मुखवटे वेळेआधी काढले. वर उभे असलेले जुने शिपाई बिनमुखवट्याचे दिसले, म्हणून यांनीही काढले. चूक नेमकी कुठे झाली? क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, फॉस्जीन त्याहून जड. वाऱ्याने उंचवटा मोकळा होतो, पण खड्ड्यात आणि तळघरात वायू साचून राहतो. म्हणजे ज्या खड्ड्याने गोळ्यांपासून वाचवलं तोच वायूच्या वेळी मारतो, आणि ही दोन उलट ज्ञानं एकाच वेळी अंगात भिनायला काही आठवडे जावे लागतात. ते आठवडे या पोरांना मिळालेलेच नाहीत. पाउल सांगतो की एका जुन्या शिपायामागे पाच ते दहा नवे मरतात. गोळ्याचा आवाज ऐकून तो कुठे पडेल हे त्यांना कळत नाही. दूर मागे पडणाऱ्या अजस्र गोळ्यांचा गडगडाट ते कान टवकारून ऐकत राहतात आणि जमिनीलगत पसरणाऱ्या लहान गोळ्यांची बारीक शीळ त्यांच्या कानातून निसटते.

संगिनीचंही तसंच. कवायतीत दहा आठवडे संगीन शिकवली, पण प्रत्यक्ष हातघाईत ती भोसकल्यावर अडकते, काढायला समोरच्याच्या पोटावर पाय देऊन जोर लावावा लागतो, आणि तेवढ्यात दुसरा तुम्हाला गाठतो. म्हणून जुने शिपाई फावड्याला धार लावतात. मान आणि खांदा यांच्यामध्ये तिरका घाव बसला तर तो छातीपर्यंत उतरतो, आणि फावडं लगेच मोकळं होतं. मागच्या बाजूला करवतीचे दात असलेल्या संगिनी तर ते स्वतःच नाहीशा करतात, कारण तसली संगीन जवळ सापडली तर शत्रू हाल करून मारतो. आता विचारा, ही माणसं भित्री आहेत का? ती अत्यंत कुशल आहेत. काट तर चाळिशीचा, कारागिरासारखा निष्णात. जवळपास काही नाही अशा जागी तो पाव शोधतो, गवत शोधतो, कुठला गोळा कोणत्या तोफेचा हे सांगतो. युद्धकौशल्याबद्दलचा इतका आदर मी फार थोड्या ‘देशभक्तिपर’ पुस्तकांत पाहिला आहे.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, आणि तो ‘युद्ध नको’वाल्यांनी सहसा ऐकूनच घेतलेला नाही. जर्मन सैन्य पश्चिम आघाडीवर कुठे उभं होतं? दुसऱ्याच्या देशात. ऑगस्ट १९१४ मध्ये त्याने तटस्थ बेल्जियमवर चाल केली, दिनाँ गावात २३ ऑगस्टला शेकडो नागरिक मारले, लूव्हँचं विद्यापीठ ग्रंथालय जाळलं. बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये मिळून हजारो निःशस्त्र लोक त्या पहिल्या काही आठवड्यांत मारले गेले. कादंबरी यातलं काहीच सांगत नाही. तिथे जर्मन शिपाई बिचारा आहे, आणि आक्रमण कोणी केलं हा प्रश्न धुक्यात राहतो. कम्युनिस्ट टीकाकारांनी तेव्हाच विचारलं होतं की युद्धाची कारणं कुठे आहेत? प्रश्न रास्तच होता.

याचं अर्धं उत्तर सातव्या प्रकरणात आहे. वाचणाऱ्याला एक सल्ला द्यावासा वाटतो: सहावं आणि सातवं प्रकरण एकाच बैठकीत वाचा. सहाव्यात दिवसचे दिवस तोफांचा भडिमार आहे. खंदक काही ठिकाणी अर्धा मीटरसुद्धा उरलेला नाही. तळघरात एक पोरगा वेडा होऊन बाहेर पळू पाहतो आणि त्याला वाचवायला त्यालाच बडवावं लागतं. पावाला उंदीर लागतात. त्यांचे कुरतडलेले भाग कापून जमिनीच्या मधोमध ढीग करतात आणि अंधारात फावडी घेऊन दबा धरतात. पाव टाकून देणं परवडणार नसतं, कारण खायला दुसरं काही नसतं. प्रकरण संपतं तेव्हा कंपनीत बत्तीस माणसं उरलेली आहेत.

आणि मग सातव्यात सुट्टी. चौदा दिवस रजा, तीन दिवस प्रवासाचे. आई आजारी, तिने जपून ठेवलेल्या मुरंब्याबरोबर बटाट्याची धिरडी. तिकडे फार वाईट असतं का, असं ती विचारते आणि पाउल नाही म्हणतो. वडिलांना आघाडीच्या गोष्टी ऐकायच्या असतात, मुलाने गणवेश उतरवू नये असंही त्यांना वाटतं. आणि मग हॉटेलातल्या मंडळींचं टेबल. सिगार, बिअर, तिथे बसलेले गुरुजी. ते पाउलला सांगतात की तुम्हा लोकांना तिकडे उत्तम खायला मिळतं, योग्यच आहे. मग मुद्द्यावर येतात. सबंध बेल्जियम, फ्रान्सचा कोळशाचा पट्टा आणि रशियाचा एक तुकडा, एवढं तरी आपण ठेवलंच पाहिजे. फ्लँडर्समध्ये एकदा फळी फोडली की वरून खाली गुंडाळत आणायचं. पाउल म्हणतो, तिथे तसं फोडणं जमण्याजोगं दिसत नाही. त्यावर गुरुजींचं उत्तर: तुला तुझा छोटा तुकडा दिसतो, सगळ्याचा आवाका तुला कसा येणार?

बेल्जियम कादंबरीत आहे. ज्यांच्या तोंडी तो असायला हवा होता त्यांच्याच तोंडी आहे. खंदकातल्या माणसाला बेल्जियम नको आहे, त्याला बूट हवे आहेत. बेल्जियम हवा आहे तो टेबलावर नकाशा पसरून बसलेल्याला, आणि ‘आवाका’ हा त्याचा आवडता शब्द आहे. रात्री साडेनऊच्या चर्चेत हेच टेबल आज आपण रोज पाहतो, फक्त बिअरच्या जागी पडद्यावरचा लाल बाण आलेला आहे. म्हणून मला वाटतं की लेखकाने कारणमीमांसा टाळली हा आक्षेप निम्माच टिकतो. ऑगस्ट १९१४ चा हिशेब कादंबरीत नाही, तो वाचकाने इतिहासातून जोडून घ्यायला हवा. पण युद्धाची भूक कुठे राहते याचा पत्ता मात्र तिने अचूक दिला आहे.

२०२२ मध्ये आलेल्या जर्मन चित्रपटाने हे सुट्टीचं प्रकरणच गाळलं. त्याऐवजी शस्त्रसंधीच्या वाटाघाटी घातल्या आणि पाउलला ११ नोव्हेंबरच्या सकाळी, युद्ध संपायला काही क्षण उरलेले असताना मारलं. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, चिखल आणि रणगाडे त्यात भीषण खरे आहेत, आणि ‘आता पुस्तक वाचायची गरज काय’ असंही अनेकांनी म्हटलं. पण घर गेलं की आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस बदलतो. मग दोष एका वेड्या सेनापतीवर जातो आणि प्रेक्षक सुटतो. आणि अखेरच्या मिनिटातलं मरण म्हणजे बातमी, ते अहवालात येतंच. रेमार्कने मुद्दाम असा दिवस निवडला होता ज्या दिवशी सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.

तिसरा आक्षेप इतिहासाचा, आणि माझ्या मते सर्वांत बळकट. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. ९ फेब्रुवारीला ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘आम्ही राजा आणि देश यांसाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही’ असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. खंदकांच्या साहित्याने लोकशाही देशांमध्ये असा एक शिसारीचा भाव रुजवला की १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घुसवलं ते आणि १९३८ चा म्युनिक करार त्यांनी सहज गिळला. युद्धाचा तिटकारा आक्रमकाला सोयीचा असतो, हे कोण नाकारेल? जे लोक ‘सगळीच युद्धं निरर्थक’ म्हणतात त्यांनी बाँबहल्ल्यांखालच्या १९४० च्या लंडनसमोर हे वाक्य म्हणून पाहावं.

पण मग जर्मनीकडे बघा. हे पुस्तक सर्वांत जास्त वाचलं गेलं ते तिथे. १९२८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात क्रमशः, मग जानेवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपात, आणि दीड वर्षात बावीस भाषांमध्ये मिळून पंचवीस लाख प्रती. तरीही चार वर्षांत नाझी सत्तेवर आले. म्हणजे कादंबरीने राष्ट्राचा कणा मोडतो असं मानलं तर तो सर्वांत आधी जर्मनीचाच मोडायला हवा होता. घडलं उलटं. डिसेंबर १९३० मध्ये या कादंबरीवरचा अमेरिकन चित्रपट बर्लिनमध्ये लागला तेव्हा नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडले, दुर्गंधीचे बाँब फोडले, आणि सहाच दिवसांत सरकारने चित्रपटावर बंदी घातली. १० मे १९३३ रोजी पुस्तकांच्या होळीत रेमार्कचं नाव घेऊन, ‘महायुद्धातल्या सैनिकाशी केलेला वाङ्मयीन द्रोह’ म्हणून पुस्तक आगीत टाकलं. १९३८ मध्ये त्याचं नागरिकत्व काढलं. तो हाती लागत नव्हता, तर डिसेंबर १९४३ मध्ये त्याच्या बहिणीचा, एल्फ्रीड शोल्झचा, पराभवाची भाषा बोलल्याच्या आरोपाखाली शिरच्छेद केला.

‘सैनिकाचा अपमान’ हा आरोप त्या वेळी कोणी केला याची नोंद आपण घ्यायला नको का? सैनिकाच्या नावाने पुस्तक जाळणाऱ्यांनी पुढे त्याच सैनिकाला हिवाळी कपड्यांची पुरेशी सोय न करता रशियात पाठवलं. आणि ऑक्सफर्डच्या त्या पिढीतले पुष्कळजण १९३९ मध्ये गणवेश चढवून गेले. खंदकांबद्दल वाचल्याने त्यांचे पाय थबकले नाहीत. फरक पडला तो बहुधा एवढाच की १९१४ च्या पोरांसारखे ते गाणी म्हणत गेले नाहीत. किंमत माहीत असून जाणं हे किंमत न कळता जाण्यापेक्षा कमी धैर्याचं आहे, असं कोणत्या तर्काने म्हणायचं?

इथे पाठवणाऱ्यांबद्दलही न्यायाने बोललं पाहिजे. कांटोरेक मास्तर, ज्याने भाषणं देऊन अख्खा वर्ग भरती कार्यालयात नेला, तो खलनायक नाही. योसेफ बेम नावाचा एक जाडसर मुलगा कचरत होता. तोही गेला, आणि सर्वांत आधी मरणाऱ्यांत तोच. पाउल म्हणतो की असे हजारो कांटोरेक होते आणि सगळ्यांची खात्री होती की आपण चांगलंच करतोय, ज्यात त्यांचं स्वतःचं काही जात नव्हतं. नेक हेतू आणि भरती यांचं नातं आपल्यालाही परकं नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यासाठी भरतीचा प्रचार करत गावोगाव हिंडत होते. त्याच जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीचा प्रश्न स्वराज्याशी जोडला आणि गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं. दोघांचं राजकारण समजण्यासारखं आहे, टिळकांचं तर मला बिनतोड वाटतं. पण या सगळ्या चर्चेत जाणाऱ्या माणसाचा आवाज कुठे होता?

तो आवाज होता, पण पाकिटात बंद होता. पश्चिम आघाडीवर हिंदी फौजा १९१४ च्या शरदापासून होत्या, आणि मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या नव्ह शापेलला त्यांनी मोठी किंमत मोजली. तिथल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकल्या. १४७ दिवस, घोडे खाऊन, अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. फ्रान्समधून गावाकडे जाणारी पत्रं सेन्सॉर वाचत असे, म्हणून शिपायांनी सांकेतिक भाषा काढली: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं कोणी लिहिलं की घरच्यांनी ओळखायचं. ती पत्रं आज आपण वाचतो ती मुख्यतः त्या सेन्सॉरच्याच इंग्रजी भाषांतरात. म्हणजे आपल्या माणसांच्या खंदकांबद्दल आपल्या हाती उरलंय ते मुख्यालयाच्या गाळणीतून आलेलं. ‘ही परक्यांची कादंबरी, आपला काय संबंध’ असं म्हणणाऱ्याने ती मिरी आठवावी.

एक कबुली मात्र दिलीच पाहिजे. पुस्तकात कमकुवत जागा आहेत. नवव्या प्रकरणात खड्ड्यात अडकलेला पाउल झेरार द्यूव्हाल या फ्रेंच माणसाला भोसकतो आणि त्याला मरायला लागणारे तास शेजारी बसून काढतो. तिथे तो मृताशी बोलतो, माफी मागतो, मी तुझ्यासाठी जगेन असं वचन देतो. हेच उतारे सर्वांत जास्त फिरतात आणि माझ्या मते तेच सर्वांत कच्चे आहेत, भाषणाकडे झुकलेले. पण लेखकाला ते कळलं असावं, कारण तिथेच तो थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पाउल आपल्या लोकांत परततो. काट आणि मित्र क्रॉप त्याला एक नेमबाज दाखवतात, जो एकेक माणूस टिपून खूश होतोय. आणि पाउल म्हणतो, तिथे इतका वेळ त्याच्याबरोबर पडून राहावं लागलं म्हणून तसं झालं, शेवटी युद्ध म्हणजे युद्ध. वचन चोवीस तासही टिकलं नाही. फिरणाऱ्या उताऱ्यांत हा शेवट कधीच नसतो. पश्चात्ताप सुंदर दिसतो म्हणून तेवढाच कापून घेणारे आणि ‘हे भेकडांचं पुस्तक’ म्हणणारे, दोघांनीही ते पुढचं पान वाचलेलं नसतं.

मला सर्वांत जास्त घेरून राहिलेली जागा वेगळीच आहे. केमरिख इस्पितळात तासन्‌तास, रडत, एकटा मेला. पाउल डॉक्टरला बोलवायला धावला, तर कर्मचाऱ्याने सांगितलं की पहाटे पाचपासून शस्त्रक्रिया चालू आहेत, आज सोळा गेले, तुझा सतरावा. सुट्टीत पाउल त्याच्या आईकडे जातो. तो लगेच गेला, त्याला काही कळलंही नाही, असं सांगतो. तिचा विश्वास बसत नाही. तुझ्या दृष्टीने जे पवित्र असेल त्याची शपथ घे, म्हणते. तो घेतो. हे खोटं असेल तर तू परत येणार नाहीस, असं म्हणायला तयार आहेस का, असं ती विचारते. तो म्हणतो, हो, तो लगेच गेला नसेल तर मी परत येऊ नये. अहवालाचंच हे एक छोटं रूप आहे, आणि या वेळी ते बोलणारा खंदकातला माणूस आहे, दयेपोटी बोलतोय. घरी सत्य का पोचत नाही, याचं याहून प्रामाणिक उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

तो परत येत नाही. त्या वेळी त्याच्या पायात तेच पिवळे बूट असावेत. आपल्यानंतर ते सोबती टाडेनला, असं त्याने कबूल केलं होतं. टाडेनला ते मिळाले की नाही, हे कादंबरी सांगत नाही.